काळोख आपल्या ओळखीचा

प्रभात फिल्म कंपनीचा ‘माणूस’ 1939 साली पुण्यात तयार झाला. रात्रपाळीचा पोलीस शिपाई गणपत, वस्तीवर पडलेली धाड, त्या धावपळीत त्याच्या हाती लागलेली मैना आणि तिला पकडून न नेता सोडून देण्याचा त्याचा निर्णय. गोष्ट इथून सुरू होते आणि एका खुनापर्यंत जाते. जॉन ह्यूस्टनचा ‘द माल्टीज फाल्कन’ यायला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता. नीनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकाने युद्धानंतर पॅरिसमध्ये पोचलेले अमेरिकी गुन्हेपट पाहून ‘फिल्म न्वार’ हे नाव वापरलं ते 1946 मध्ये. म्हणजे नाव ठेवायच्या सात वर्षं आधी आपल्या पुणे जिल्ह्यात, प्रभातच्या आवारात, रात्रीचा रस्ता उभारून हा चित्रपट काढला गेला होता. तरी न्वारवरच्या इंग्रजी पुस्तकांत ‘माणूस’चा उल्लेख सहसा नसतो, आणि आपल्याकडे तो ‘सामाजिक चित्रपट’ या कप्प्यात ठेवला की लोकांचं समाधान होतं. या पुस्तकातले लेख लिहायला घेतले ते या अन्यायामुळे.

ज्यांना हा प्रकार अगदी नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कृष्णधवल चित्र, रात्रीचं शहर, पावसाने ओले रस्ते, एकाच बाजूने येणारा उजेड आणि त्यामुळे भिंतीवर माणसापेक्षा मोठी पडणारी सावली. नायक धड सज्जन नाही, धड दुर्जन नाही. पैशाच्या किंवा बाईच्या ओढीने तो एक पाऊल चुकीचं टाकतो आणि पुढची पावलं त्याच्या हातात राहत नाहीत. बिली वाइल्डरचा ‘डबल इन्डेम्निटी’ (1944), हॉवर्ड हॉक्सचा ‘द बिग स्लीप’ (1946), जाक तूर्नरचा ‘आउट ऑफ द पास्ट’ (1947), ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ ईव्हिल’ (1958) ही त्यातली ठळक नावं. आपल्याकडे ‘बाजी’ (1951), ‘जाल’ (1952), ‘आर पार’ आणि ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (दोन्ही 1954), ‘सी.आय.डी.’ (1956), ‘हावडा ब्रिज’ (1958). अशा चित्रपटांवर मी मनापासून प्रेम करते, आणि त्यांच्याविषयी समीक्षकांनी लिहिलेलं बरंचसं मला पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला ही प्रस्तावना.

माझं माहेर दौंडचं, सासर शिरूरचं, जुन्या लोकांच्या तोंडी घोडनदीचं. दौंड म्हणजे जंक्शन. मनमाडची लाइन इथून फुटते, बारामतीची फुटते, सोलापूरकडची सरळ पुढे जाते. वडील रेल्वेत असल्यामुळे घराचं घड्याळ गाड्यांवर चालायचं. शिरूरला रेल्वे नाही, नगर रस्ता आहे, आणि आता रांजणगावच्या एमआयडीसीमुळे तो रस्ता रात्रीही झोपत नाही. पिक्चर पाहायचा तो जत्रेतल्या तंबूत, बायकांच्या बाजूला बसून. पेटी आली का, रीळ किती वेळा तुटलं, मशीनवाला कोण आहे, यावर तिथे पिक्चरइतकीच चर्चा व्हायची. जुने चित्रपट नव्या चित्रपटांच्या मागून, झिजलेल्या प्रिंटवर यायचे. पुढे दूरदर्शन आलं. आणि आता कुणाच्या तरी घरी टीव्हीला लॅपटॉप जोडून आम्ही दोन्ही गावांतली काही मंडळी एकत्र बसतो. शिक्षक आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, राखीव पोलीस दलातल्या घरांतल्या बायका आहेत, कारखान्यात पाळीवर जाणारी मुलं आहेत. चित्रपट संपला की चहा होतो आणि मग वाद. या पुस्तकातली बरीच मतं त्या वादांत तावून सुलाखून निघाली आहेत.

त्यातली एक संध्याकाळ इथे सांगायलाच हवी. ‘डबल इन्डेम्निटी’ लावला होता. विम्याचा एजंट वॉल्टर नेफ आणि फिलिस डीट्रिक्सन मिळून तिच्या नवऱ्याला मारतात. मग नेफ नवऱ्याचं सोंग घेऊन, कुबड्या टेकत गाडीत चढतो, शेवटच्या डब्याच्या मागच्या सज्जात जातो आणि गाडी हळू असताना खाली उतरतो. प्रेत रुळांवर ठेवलं जातं, म्हणजे माणूस गाडीतून पडून मेला असं दिसावं. इथवर आलो आणि आमच्यातले निवृत्त गार्डकाका खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, “एवढ्या स्पीडला पडून माणूस मरत नाही. आऊटरला गाडी स्लो झाली की आमच्याकडे पोरं रोज उतरायची. गुडघा फुटेल, जीव जाणार नाही.” मी काही बोलले नाही. पुढे विमा कंपनीच्या साहेबाच्या खोलीत तो प्रसंग आला. साहेब आत्महत्येचा मुद्दा काढतात आणि दाव्यांची तपासणी करणारा कीज, म्हणजे एडवर्ड जी. रॉबिन्सन, उसळून सांगतो की गाडी ताशी पंधरा मैलांनी चालली होती, तिच्यावरून उडी टाकून कुणी जीव देत नाही. खोलीत एकदम टाळ्या पडल्या. कीजसाठी होत्या, त्याहून जास्त गार्डकाकांसाठी.

वाइल्डरने आणि त्याच्याबरोबर पटकथा लिहिणाऱ्या रेमंड चँडलरने तो वेग उगाच घातलेला नाही. नेफला सुखरूप उतरता यावं म्हणून गाडी हळू असावी लागते, आणि ती हळू होती म्हणूनच तो पकडला जाण्याची वाट मोकळी होते. गुन्हा ज्यामुळे जमतो त्याच गोष्टीने तो उघडा पडतो. हे मर्म गार्डकाकांनी कुठलाही ग्रंथ न वाचता धरलं, कारण गाडी म्हणजे काय हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. दौंडच्या माणसाने न्वार का पाहावा याचं यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

आता समीक्षकांकडे वळते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बोस्ली क्राउदर हे त्या काळातलं वजनदार नाव. ‘द बिग स्लीप’ पाहून त्यांची मुख्य तक्रार अशी की कथानकाचा इतका गुंता आहे की डोकं चालेनासं होतं. ‘आउट ऑफ द पास्ट’च्या वेळीही त्यांना गोष्टीचा माग ठेवणं जड गेलं. तक्रार खरी आहे. ‘द बिग स्लीप’मध्ये मोटारीसकट पाण्यात गेलेल्या ड्रायव्हरला कुणी मारलं, हे पटकथा लिहिणाऱ्यांनाही कळेना. मूळ कादंबरीकार चँडलरला विचारलं, तर त्यालाही सांगता आलं नाही. पण म्हणून चित्रपट फसला असं मी म्हणणार नाही. तालुक्याच्या कचेरीत सात-बाराच्या एका नोंदीसाठी हेलपाटे घातलेल्या माणसाला विचारा, कुणी कुणाला काय सांगितलं आणि कागद कुठे अडला याचा कधी पुरता उलगडा झाला का. आपण एकाकडून दुसऱ्याकडे जातो, प्रत्येक जण अर्धं सांगतो, अर्धं लपवतो. चित्रपटातल्या गुप्तहेराचं, फिलिप मार्लोचं, नेमकं तेच होतं. हा गोंधळ चित्रपटाचा विषय आहे, आणि हम्फ्री बोगार्ट त्यातून ज्या ताठ मानेने चालतो ते पाहण्यासाठी आपण तिथे आहोत.

दुसरा आरोप नकलेचा. पन्नासच्या दशकातले हिंदी गुन्हेपट म्हणजे हॉलिवूडची उसनवारी, हे वाक्य इतक्यांदा छापून आलं आहे की वाचणाऱ्याला ते तपासावंसंही वाटत नाही. उसनवारी अजिबात नव्हती असं मी म्हणत नाही. ‘बाजी’वर ‘गिल्डा’ची छाया आहे. ‘जाल’ची प्रेरणा तर हॉलिवूडची नसून ‘बिटर राइस’ या इटालियन चित्रपटाची. पण उगम कुठला हे पाहायचं असेल तर 1933 या सालाकडे नीट पाहायला हवं. त्या वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि फ्रिट्झ लांग, बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक ही मंडळी देश सोडून निघाली. सावल्यांचा जर्मन खेळ त्यांनी पुढे अमेरिकेत नेला आणि तिथे त्याचा न्वार झाला. त्याच वर्षी ‘माणूस’चे दिग्दर्शक व्ही. शांताराम ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीत होते. त्याच वर्षी प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली. पुण्यातला त्यांचा पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ (1934). त्यातला राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा पडदाभर दिसणारा डोळा ज्याने पाहिला तो विसरत नाही. एकाच झऱ्याचं पाणी लॉस एंजेलिसला गेलं आणि पुण्यालाही आलं. मग पुण्याने ते लॉस एंजेलिसहून आणलं असं म्हणायला आधार काय?

‘माणूस’कडे जरा जवळून पाहा. ‘देवदास’ने 1935 साली देशभर प्रेमभंगाचं आणि दारूचं वेड पसरवलं होतं. त्याला शांतारामबापूंनी दिलेलं हे उत्तर आहे. शाहू मोडकांचा गणपत साधा, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. शांता हुबळीकरांची मैना वेगवेगळ्या प्रांतांतल्या गिऱ्हाइकांसाठी वेगवेगळ्या भाषांत गाते. एकाच गाण्यात एवढ्या भाषा घालायची गंमत मास्टर कृष्णरावांनी साधली, ती विनोद म्हणून खपून जाते. पण त्या बाईच्या धंद्यात भाषा हेसुद्धा भांडवल आहे, ही त्यातली बोच. गणपत तिला आईकडे घेऊन जातो. त्या स्वच्छ, देवाधर्माच्या घरात तिला क्षणभरही टिकून राहवत नाही. पुढे तिच्या हातून मामाचा खून होतो. गणपत तिला सोडवायला तयार आहे, वर्दीची पर्वा न करता. ती नाही म्हणते.

इथे माझा समीक्षकांशी सर्वांत मोठा झगडा आहे. न्वारची ओळख सांगताना ‘घातकी बाई’ हे लक्षण पहिल्यांदा पुढे केलं जातं, आणि भारतीय चित्रपटांत ती नाही म्हणून ते अर्धेच न्वार ठरवले जातात. ‘डबल इन्डेम्निटी’मधली बार्बरा स्टॅनविकची फिलिस मला आवडते, तिचा थंडपणा अस्सल आहे. पण मैना जे करते ते अधिक अवघड आहे. तिच्यामुळे पुरुष बुडणार हे तिला दिसतं, आणि ती स्वतःला मागे घेते. त्यात भाबडा त्याग नाही, हिशेब आहे. आपल्या गेलेल्या आयुष्याचा आणि त्याच्या उरलेल्या आयुष्याचा. आमच्याकडे पाहायला बसलेल्या पोलीस दलातल्या घरच्या बायका त्या प्रसंगाला गप्प झाल्या होत्या. वर्दी गेली की घराचं काय होतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

‘बाजी’चं मूळही पुण्यातच आहे. 1944 साली गुरुदत्त प्रभातमध्ये नोकरीला लागला. देव आनंदचा पहिला चित्रपट ‘हम एक हैं’ (1946) प्रभातचाच. परटाने दोघांच्या सदऱ्यांची अदलाबदल केली, त्यातून ओळख झाली आणि शब्द दिले गेले: मी निर्माता झालो तर दिग्दर्शक तू, तू दिग्दर्शक झालास तर नायक मी. नवकेतनच्या ‘बाजी’ने तो शब्द पाळला. बलराज साहनींनी लिहिलेली ही गोष्ट एका बेकार तरुणाची. पत्त्यांत त्याचा हात बसलेला आहे, घरी बहीण आजारी आहे आणि औषधाला पैसा नाही. क्लबची नोकरी चालून येते ती या अडचणीच्या दारातून. व्ही. के. मूर्ती त्या वेळी कॅमेरा विभागात सहायक होते. आरशातून सुरू होणारं एक अवघड दृश्य त्यांनी सुचवलं, घेऊन दाखवलं, आणि ‘जाल’पासून गुरुदत्तने त्यांना आपला छायालेखक केलं. पुढच्या ‘कागज के फूल’मधला तो प्रसिद्ध उजेडाचा झोत ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी त्याची सुरुवात या क्लबात शोधावी.

त्या क्लबाला मुंबईची हवाही होती. 1949 चा दारूबंदीचा कायदा झाला आणि राज्यभर चोरट्या दारूचा धंदा उभा राहिला. फाळणीने उखडलेले लोक शहरात येत होते, खेड्यातून आलेले होतेच. ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधली माला गायिका व्हायचं म्हणून मुंबईत येते आणि फसवणुकीच्या तोंडात सापडते. चेतन आनंद यांनी कॅमेरा थेट मुंबईच्या रस्त्यावर नेला, त्यामुळे ते शहर आजही ताजं दिसतं. शिरूर-दौंडच्या किती घरांतून कुणी ना कुणी असं मुंबईला गेलेलं आहे! शहरातल्या समीक्षकाला या चित्रपटांत शैली दिसते. आम्हाला त्यात गावाकडून गाडीत बसून गेलेला माणूस दिसतो.

अरुण खोपकरांचं ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे 1985 चं पुस्तक मराठीचं भूषण आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. चित्रचौकटीकडे कसं पाहायचं हे मी त्यातून शिकले. खोपकरांनी ‘प्यासा’, ‘कागज के फूल’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ निवडले, हा त्यांचा विषय होता. पण नंतरच्या लेखनात असा रिवाज पडला की ‘बाजी’, ‘जाल’, ‘आर पार’ म्हणजे त्या तीन शिखरांच्या पायऱ्या, शिकाऊ काम. मला हे मान्य नाही. ‘आर पार’मधला तुरुंगातून सुटलेला टॅक्सीवाला कालू, गॅरेजचा मालक, जॉनी वॉकरचा रुस्तम, प्रत्येकाच्या तोंडी अबरार अल्वींनी घातलेली ज्याची त्याची बोली, यात जे जिवंतपण आहे ते ‘कागज के फूल’च्या उदात्त दुःखात मला मिळत नाही. ‘कागज के फूल’मधला दिग्दर्शक स्वतःच्या वेदनेकडे फार वेळ पाहत बसतो. कालूला तेवढी सवड नाही, त्याला भाडं मिळवायचं आहे. मला विचाराल तर ‘आर पार’ हा थोर चित्रपट आहे आणि त्याला दुसऱ्या कुठल्या चित्रपटाची तयारी म्हणायची गरज नाही.

आणि गाणी. हिंदी न्वारमध्ये मध्येच गाणं येतं, गोष्ट थांबते, वातावरण विरतं, ही तक्रार देशी आणि परदेशी दोन्ही लेखणींतून येते. तिला उत्तर द्यायला मी वाचकाला दौंड तालुक्यातल्या चौफुल्याला नेते. सोलापूर रस्त्यावरच्या या गावात संगीत बारीची थिएटरं आहेत. भूषण कोरगावकरांच्या ‘संगीत बारी’ या पुस्तकात त्या कलावंतिणींचं जग नीट आलं आहे. बैठकीतली लावणी ज्याने लक्ष देऊन पाहिली आहे त्याला माहीत असतं की तिथलं गाणं म्हणजे बोलणीच असतात. समोरच्या चौघांकडे ती एकच ओळ चार तऱ्हांनी टाकते. एकाला आशा लावते, एकाला थोपवते, एकाचे पैसे घेते आणि दाराशी उभ्या असलेल्याला नजरेने निघून जायला सांगते. ‘सी.आय.डी.’मध्ये वहिदा रेहमान खलनायकासमोर गाते तो प्रसंग याच जातीचा आहे. नजर एकावर, बोल एकाला, आणि तेवढ्यात देव आनंदने निसटायचं. ‘बाजी’त गीता बालीची लीना क्लबात गाते ते गाणं तर नायकाला दिलेला इशाराच आहे की तुझ्या जिवावर बेतलं आहे. गोष्ट थांबलेली नाही, उलट ती तिथेच सर्वांत वेगाने पुढे सरकते आहे. गीता दत्तच्या आवाजातला तो लाडिकपणा आणि त्याच्या तळाशी असलेली भीती ऐकू आली नाही, तर गाणं वगळून चित्रपट पाहिल्यासारखं होईल.

अमेरिकी पटकथाकार-दिग्दर्शक पॉल श्रेडर यांनी 1972 साली न्वारवर एक गाजलेला निबंध लिहिला. न्वार ठरतो तो सुरावरून, वातावरणावरून, हा त्यातला विचार मला पूर्ण पटतो. पण हॉलिवूडच्या कुंपणाबाहेर ते गेले नाहीत. त्यांचीच कसोटी लावली तर ‘बाजी’ आत येतो, ‘माणूस’ही येतो.

शेवट गोड असतो, ही राहिलेली तक्रार. तिच्यावर फार शब्द खर्च करत नाही. हॉलिवूडमध्येही गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे असा निर्मात्यांच्या संहितेचा दंडक होता, आपल्याकडे सेन्सॉर होता. शेवटची पाच मिनिटं दोन्हीकडे सरकारजमा समजावीत आणि आधीच्या दोन तासांवरून चित्रपट जोखावा.

मराठीचं आणखी एक देणं सांगते, कारण ते फार कमी बोललं जातं. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ 1964 चा, जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा. वकिलाची बायको वारली आहे आणि तिच्याच चेहऱ्याची एक बाई पोलिसांच्या हाती लागते, मीच तुमची बायको असं सांगते. ‘सी.आय.डी.’ करणाऱ्या राज खोसला यांनी त्यावरून 1966 साली ‘मेरा साया’ केला. म्हणजे हिंदी रहस्यपटाचा उस्ताद मराठीच्या दारी आला होता. हे घडू शकलं, कारण मराठी वाचकाला रहस्याची चटक आधीच लागलेली होती. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. एसटी स्टँडवरच्या स्टॉलपासून गावच्या वाचनालयापर्यंत त्या वाचून वाचून फाटल्या. मराठी समीक्षेने त्यांना साहित्यात जागा दिली नाही. लोकांनी पसंत केलेल्या अंधाराविषयी आपल्या समीक्षेला पूर्वीपासून अढी आहे, आणि ती चित्रपटांच्या वाट्यालाही आली, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे जुने चित्रपट कायम राहतील असं समजू नका. जानेवारी 2003 मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातला मोलाचा ठेवा जळाला. जे उरलं आहे ते पाहिल्याने टिकेल. म्हणून वाचकांना एकच विनंती आहे. या पुस्तकातला लेख वाचण्याआधी तो चित्रपट पाहा, शक्यतो रात्री, दिवे मालवून, आणि चार माणसांत. त्यांत एक तरी असा असू द्या ज्याने चित्रपटावर कधी काही वाचलेलं नाही. मग लेख वाचा, आणि जिथे माझं पटणार नाही तिथे समासात तसं लिहून ठेवा. सुरुवात ‘माणूस’पासून करा.